रुबेन्सचा आंधळा

फ्लेमिश चित्रकार रुबेन्स कधी हिंदुस्थानात आला नाही. तरी १६१७-१८च्या सुमारास अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी त्यानं गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार रंगवले. आधी लाकडी फळीवर छोटा नमुना केला, मग मोठं चित्र. दोन्ही आज व्हिएन्नात आहेत. मी आष्टीत बसून छापील प्रत पाहतो. त्यातला आंधळा हात पुढं करून हवा चाचपतो. मोतीबिंदू झालेली माझी आजी दर्ग्याची चौकट अशीच चाचपायची. मागं मात्र देवळातली मूर्ती कोसळताना दाखवलीय. ते मला पटत नाही. बरं करायला आलात ना, मग कुणाचा देव कशाला फोडायचा? तेवढा भाग मी तळहातानं झाकतो. आजीला दिसू लागलं ते ऑपरेशननंतर. तरी दर गुरुवारी ती दर्ग्यात जायचीच.