पित्त, थकवा आणि रक्ताची एक तपासणी
(मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



तरुणांच्या प्रकृतीविषयी बोलावे, अशी कार्यकर्त्यांची आज्ञा झाली. विषय मोठा आहे. मी एका तक्रारीपुरतेच बोलणार आहे.

विशी-पंचविशीतला मुलगा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखते, अंगात त्राण नाही, असे म्हणू लागला की आपल्याकडे निदान आजीच करून टाकते: "पित्त झालंय." कारखान्यात रात्रपाळी असेल तर दोष जागरणाला, नसेल तर बाहेरच्या खाण्याला. तो पुष्कळदा खराही असतो. परंतु ही दोन्ही दुखणी महिनोन्महिने हटेनात, तर रक्त तपासल्यावाचून स्वस्थ बसू नये.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे नागपूर, भंडारा, गोंदियाकडून भिलाईस आली. मुलूख बदलला, तरी सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष विदर्भात आहे तसाच छत्तीसगडातही आहे. तो केवळ आदिवासींचा आजार, ही समजूत चुकीची आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी वाकणारी ही पेशी १० ते २० दिवसांत फुटते. हीमोग्लोबिन घटते, म्हणून थकवा. फुटलेल्या पेशींतले पिवळे द्रव्य यकृतावाटे पित्तात उतरते. ते अति झाले की ऐन तारुण्यात पित्ताशयात खडे धरतात, डोळ्यांत पिवळी झाक येते. तेव्हा आजीचे 'पित्त' अगदीच चुकत नाही. ते गोळीने शमत नाही, एवढेच! शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तो त्यांचा रुग्णही विशीतला विद्यार्थीच होता.

अर्थात, प्रत्येक थकव्यामागे सिकलसेल नसतो. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास ती वाढते. थायरॉईड, जंत, काहींना गव्हाचे न सोसणे, हीही कारणे असतात. वजन घटणे, रोजचा ताप किंवा काळी शौच असेल, तर दिरंगाई नको.

सिकलसेलची प्राथमिक चाचणी सोपी आहे. मनुष्य रुग्ण की केवळ वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिसने कळते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी योजिली आहे. अडचण आहे ती आपल्या मनात. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून अहवाल कपाटात जातो आणि सोयरिकीच्या वेळी त्याचा उच्चारही होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक. पत्रिकेतला मंगळ आपण चार ज्योतिषांना दाखवितो. हा कागद मात्र व्याह्यांना दाखवीत नाही. मुलीकडचे काय म्हणतील, ही भीती मी समजू शकतो. वाहकाने लग्न करू नये, असे मी म्हणत नाही. जोडीदाराचे रक्त आधी तपासावे, इतकेच माझे मागणे आहे.

सभा संपल्यावर मी अर्धा तास मागच्या खोलीत बसणार आहे. चारचौघांत विचारावयास संकोच वाटत असेल, त्यांनी तेथे यावे.