परतणारा रिसीव्हर कितव्या फेरीत घ्यावा?

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



अमेरिकेत दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी लाखो माणसं आपापल्या मित्रमंडळींबरोबर खेळाडू निवडायला बसतात. कुणी दिवाणखान्यात, कुणी ऑफिसात, कुणी वेगवेगळ्या शहरांतून संगणकावर. यातलं कुणीही स्वतः मैदानात उतरणार नसतं. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू ते कागदावर आपल्या संघात घेतात आणि सप्टेंबरपासून दर आठवड्याला त्या खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजतात. याला फॅन्टसी फुटबॉल म्हणतात. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेली आपली मराठी मुलंही त्यात मनापासून रमलेली आहेत. या खेळातल्या एकाच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. एखादा उत्तम रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलून पुढे पळणारा खेळाडू, वर्ष-दोन वर्षं मैदानाबाहेर राहून परत येतोय. त्याला घ्यावं का, आणि घ्यावं तर कितव्या फेरीत?

हा खेळ तसा जुना आहे. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या हॉटेलात त्यांनी दोन सोबत्यांना घेऊन याचे नियम बांधले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांची पहिली लीग सुरू झाली. आज नियमांचे अनेक प्रकार आहेत, पण सर्वांत रुळलेली पद्धत ध्यानात ठेवायला सोपी आहे. रिसीव्हरने झेल घेतला की एक गुण, दहा यार्ड पुढे गेला की एक गुण, चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन टचडाउन केला की सहा.

आपल्याकडच्या फॅन्टसी क्रिकेटहून यात एक मोठा फरक आहे. क्रिकेटमध्ये एकच फलंदाज हजारो जणांच्या संघात असू शकतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडायच्या या बैठकीत, तसं चालत नाही. बारा जणांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच्याच वाट्याला येतो. निवड आलटून-पालटून होते, पहिल्या फेरीत ज्याचा पहिला क्रमांक त्याचा दुसऱ्या फेरीत शेवटचा. त्यामुळे प्रत्येक निवडीला किंमत असते. चौथ्या फेरीत एकाला घेतलंत की त्याच जागी मिळू शकणाऱ्या दुसऱ्या धडधाकट, रोज खेळणाऱ्या माणसावर तुम्ही पाणी सोडलेलं असतं. परतणारा खेळाडू चांगला आहे की नाही, एवढ्यावर म्हणूनच भागत नाही. तो त्या जागेच्या मोलाचा आहे का, हे ठरवावं लागतं.

आता मी तुम्हाला कॅल्विन रिडलीकडे नेतो, कारण या प्रश्नाचे सगळे पदर त्याच्या एकाच कहाणीत सापडतात.

रिडली आधी अटलांटा फाल्कन्सचा रिसीव्हर होता. २०२० च्या हंगामात त्याने ९० झेल, १,३७४ यार्ड आणि ९ टचडाउन केले. वय पंचविशीत, पुढची दहा वर्षं आपलीच, असं वाटावं असा खेळ. २०२१ मध्ये तो पाचच सामने खेळला. २४ ऑक्टोबरला मायामीविरुद्ध खेळल्यावर त्याने मानसिक स्वास्थ्यासाठी थांबत असल्याचं जाहीर केलं. संघापासून दूर असताना, नोव्हेंबरमध्ये, त्याने एनएफएलच्या सामन्यांवर पैज लावली. एकूण रक्कम साधारण दीड हजार डॉलर. मार्च २०२२ मध्ये लीगने त्याला बेमुदत निलंबित केलं, म्हणजे निदान तो पूर्ण हंगाम गेलाच. त्या एका वर्षाचा त्याचा बुडालेला पगार एक कोटी डॉलरहून जास्त होता. तो बाहेर असतानाच अटलांटाने त्याला जॅक्सनव्हिलला देऊन टाकलं. मार्च २०२३ मध्ये बंदी उठली आणि सप्टेंबरमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. मधे साडेबावीस महिने गेले होते.

परतण्याआधी त्याने एक दीर्घ लेख लिहून आपली बाजू मांडली. मोडलेल्या पावलावर आपण कसे खेळत राहिलो, वेदनाशामक औषधं, नैराश्य, घरी झालेली चोरी, सगळं त्यात आहे, आणि पैज लावणं ही आपली घोडचूक होती हेही स्वच्छ शब्दांत आहे. ड्राफ्टला बसणाऱ्या प्रत्येकाने असं लेखन वाचावं, असं मला कळकळीने वाटतं. आपण या माणसांना गुणांत मोजतो, तेव्हा निदान ते का गेले होते हे तरी नीट समजून घेणं आपलं कर्तव्यच आहे. शिवाय निवडीच्या दृष्टीनेही सर्वांत मोलाची माहिती तीच असते. गैरहजेरी नुसती महिन्यांत मोजून काही कळत नाही. गुडघा फाटून गेलेलं वर्ष निराळं आणि बंदीत गेलेलं वर्ष निराळं. गुडघ्याच्या वर्षात माणूस संघाबरोबरच असतो, बैठकांना बसतो, नव्या चाली शिकतो, फक्त पाय साथ देत नाही. बंदीच्या वर्षात पायाला विश्रांती मिळते, पण संघाच्या दारात पाऊल टाकता येत नाही. रिडलीचं मोडलेलं पाऊल त्या काळात सुधारलं, पण त्याच काळात ज्याच्या फेकींवर खेळायचं त्या माणसाबरोबर संघाचा सराव करता आला नाही.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. परतणाऱ्या रिसीव्हरचा विचार करताना सगळे त्याच्या पायांकडे बघतात. मी म्हणतो, आधी चेंडू कोण फेकणार आहे ते बघा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी २०२४ च्या आयपीएलआधी ऋषभ पंतचा आपल्या फॅन्टसी संघासाठी विचार केला असेल. डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर तो परतत होता, आणि त्या हंगामात त्याने ४४६ धावा केल्या. पण पंतला समोरचा गोलंदाज चेंडू टाकणारच असतो. रिसीव्हरचं तसं नाही. तो ठरलेल्या वाटेने पळतो, ठरलेल्या पावलावर वळतो, आणि चेंडू बहुतेकदा तो वळण्याआधीच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे फेकणाऱ्याच्या, हातून सुटलेला असतो. रिसीव्हर अमुक ठिकाणी अमुक क्षणी असेल, या भरवशावर चेंडू फेकलेला असतो. हा भरवसा सरावाच्या शेकडो फेकींतून तयार होतो. वेग परत येतो, ताकद परत येते. भरवसा मात्र दोघांनी मिळून पुन्हा उभा करावा लागतो.

जॉर्डी नेल्सनचं उदाहरण घ्या. ग्रीन बे पॅकर्सचा हा रिसीव्हर ऑगस्ट २०१५ मध्ये सरावसामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटून अख्ख्या हंगामाला मुकला. परतला तेव्हा एकतिशीत होता, आणि त्या वयात अशा दुखापतीतून परतणाऱ्यावर फारसा कुणी जीव टाकत नाही. २०१६ मध्ये त्याने ९७ झेल, १,२५७ यार्ड आणि १४ टचडाउन केले. झेलून केलेले इतके टचडाउन त्या वर्षी लीगमध्ये दुसऱ्या कुणाचेच नव्हते. चेंडू फेकणारा तोच होता, अॅरन रॉजर्स. कीनन अॅलन २०१६ च्या पहिल्याच सामन्यात गुडघा गमावून बसला. पुढच्या वर्षी फिलिप रिव्हर्सच्याच फेकींवर त्याने १०२ झेल आणि १,३९३ यार्ड केले. कूपर कप २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला आणि २०१९ मध्ये जॅरेड गॉफकडेच परतला. त्याचे झेल ९४ आणि यार्ड १,१६१.

आता उलट बाजू. न्यू ऑर्लिन्सच्या मायकल थॉमसने २०१९ मध्ये १४९ झेल घेऊन एका हंगामाचा विक्रम केला. घोट्याच्या दुखण्याने २०२१ पूर्ण गेलं. २०२२ मध्ये तो परतला तेव्हा ज्याच्याबरोबर तो विक्रम घडला तो ड्रू ब्रीज निवृत्त झाला होता. पहिल्याच सामन्यात थॉमसने दोन टचडाउन केले, अनेकांना वाटलं सोनं सापडलं, आणि तीन सामन्यांनंतर पायाच्या बोटाने त्याला पुन्हा बाहेर बसवलं. त्यात क्वार्टरबॅकचा काही दोष नव्हता, दुखरं शरीर पुन्हा दुखावलं. पण पुढच्या वर्षी दहा सामने खेळूनही तो ३९ झेलांपुढे गेला नाही.

जॉश गॉर्डनची गोष्ट माझ्या म्हणण्याला थोडी आडवी जाते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. क्लीव्हलँड ब्राउन्सकडून २०१३ मध्ये त्याने चौदाच सामन्यांत १,६४६ यार्ड केले आणि लीगमध्ये अव्वल राहिला. लागोपाठच्या दोन सामन्यांत २३७ आणि २६१ यार्ड. त्या हंगामात त्याला एक नव्हे, तीन क्वार्टरबॅक लाभले होते. म्हणजे बावीस वर्षांचा, असामान्य अंगाचा खेळाडू कुणाच्याही फेकीवर भारी पडू शकतो. पण तो मुद्दा तिथेच संपतो. निलंबनांमुळे २०१५ आणि २०१६ पूर्ण कोरी गेली. डिसेंबर २०१७ मध्ये तो परतला तेव्हा चेंडू फेकत होता डीशॉन काइझर हा पहिल्या वर्षाचा मुलगा, आणि तो संघ त्या हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरला. पाच सामन्यांत गॉर्डनचे झेल १८. गॉर्डनचं जुनं नाव पाहून त्याला वर्षानुवर्षं बाकावर धरून बसलेल्यांचं काय झालं असेल, हे सांगायला नको.

एक प्रसंग असाही घडतो की फेकणारा तोच असतो, पण जागा उरलेली नसते. पिट्सबर्गचा मार्टाव्हिस ब्रायंट २०१६ चं निलंबन भोगून बेन रॉथलिसबर्गरकडेच परतला. तोवर संघाने जुजू स्मिथ-शुस्टर हा नवा मुलगा घेतला होता. ब्रायंटच्या वाट्याला ५० झेल आणि ३ टचडाउन आले. मधे त्याची नाराजी समाजमाध्यमांवर उमटली, तेव्हा संघाने त्याला एका सामन्यात बसवूनही ठेवलं.

आता पुन्हा रिडली. ऑगस्ट २०२३ मध्ये तो साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीत जात होता. नवा संघ, ट्रेव्हर लॉरेन्स हा नवा क्वार्टरबॅक, आणि संघात चेंडू मागणारे आणखी हात. त्यातल्या एव्हन एन्ग्रमने तर त्या हंगामात ११४ झेल घेतले. वर्षाअखेर रिडलीचे ७६ झेल, १,०१६ यार्ड, ८ टचडाउन झाले. म्हणजे झेल, यार्ड आणि टचडाउन मिळून २२५ गुण. चौथ्या फेरीच्या किमतीला हे वाजवी आहे, कुणी फसला असं म्हणता येणार नाही.

पण वर्षाच्या बेरजेवर फॅन्टसी खेळता येत नाही, दर आठवड्याला वेगळी झुंज असते. पहिल्या सामन्यात इंडियानापोलिसविरुद्ध ८ झेल, १०१ यार्ड, एक टचडाउन. लगेच दुसऱ्यात २ झेल आणि ३२ यार्ड. लंडनमध्ये बफेलोविरुद्ध ७ झेल आणि १२२ यार्ड. सातव्या आठवड्यात न्यू ऑर्लिन्सविरुद्ध एक झेल, पाच यार्ड. त्या सामन्यानंतर कितीतरी जणांनी वैतागून त्याला बाकावर बसवलं असेल. अकराव्या आठवड्यात टेनेसीविरुद्ध १०३ यार्ड आणि दोन टचडाउन. सोळाव्या आठवड्यात टाम्पा बेविरुद्ध पुन्हा दोन टचडाउन. हा आठवडा बहुतेक लीगमध्ये उपांत्य फेरीचा असतो.

हे चढ-उतार मला तरी नशिबाचे वाटत नाहीत. त्या हंगामात लॉरेन्स आणि इतरांनी रिडलीकडे १३६ वेळा चेंडू फेकला आणि त्यातले ७६ हाती आले. म्हणजे विश्वास दिला गेला होता, जोडी अजून जमत होती. ज्याने एकेका आठवड्याच्या गुणांऐवजी हंगामभर ‘चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला’ हा आकडा पाहिला, त्याला थांबायला कारण सापडलं. ज्याने फक्त गुण पाहिले, त्याला नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये परतणारा रिसीव्हर समोर आला की त्याच्या शेवटच्या चांगल्या हंगामाचा आकडा मी झाकून ठेवतो. ड्राफ्टच्या यादीवर हाच आकडा सर्वांत ठळक असतो आणि किंमत त्याच्यावरूनच चढते. तो का बाहेर होता, शरीर विश्रांतीने सुधारलं की पुन्हा त्याच जागी दुखेल असं आहे, चेंडू फेकणारा तोच आहे का, आणि त्याची जागा मधल्या काळात कुणी घेतली का, एवढं पाहतो. जुना क्वार्टरबॅक आणि मोकळी जागा असेल तर तिसऱ्या फेरीतही मी कचरत नाही. नेल्सनसाठी तशी किंमत मोजायला हरकत नव्हतीच. फेकणारा नवा असेल तर पाचवी फेरी येईपर्यंत मी हात आखडतो, आणि दुसरा कुणी आधी घेऊन गेला तर जाऊ देतो. जुनंच दुखणं पुन्हा उठण्याची भीती असेल तर आठव्या-नवव्या फेरीच्या आत नाव काढत नाही. तेव्हा घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात बसून राहिला तरी संघ कोलमडत नाही. पहिले चार आठवडे त्याला खेळवायचं की बाकावर ठेवायचं, हे त्याच्याकडे दर सामन्यात किती चेंडू येतात यावर ठरवावं. सहा-सात येत असतील तर तो पुढच्याही आठवड्यात संघात हवा, मग गुणपत्रकावर पाचच यार्ड का दिसेनात.