वाघ्रोचे साक्षीदार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



गावापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना एक अनुभव परिचित आहे. गावाकडची एखादी गोष्ट आपण सांगावी आणि ऐकणाऱ्याने ‘याची नोंद कोठे आहे?’ असे विचारावे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील रहिवाशांची वाघाच्या बाबतीत हीच गत झाली.

सत्तरी म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतील म्हादईचा प्रदेश. तेथे वाघेरी नावाचा डोंगर आहे. गोव्यातील रानालगतच्या गावांत वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून पूजतात. तथापि अधिकृत भूमिका दीर्घकाळ अशी राहिली, की गोव्यात वाघाची कायम वस्ती नाही; दिसतो तो शेजारच्या कर्नाटकातून आलेला पाहुणा. १९९९ साली म्हादई अभयारण्य जाहीर झाले. २००९ साली केरी परिसरात एका वाघाची हत्या उघडकीस आली. २०११ साली तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी येथे व्याघ्र प्रकल्प व्हावा, असे राज्याला सुचविले. तरीही वाघ पाहुणाच राहिला.

पुढे जानेवारी २०२० मध्ये गोळावली येथे चार वाघ मृतावस्थेत सापडले : एक वाघीण व तिचे तीन बछडे. बछड्यांसह वावरणाऱ्या वाघिणीला वाट चुकलेली पाहुणी कसे म्हणावे? गुरे मारली गेल्यामुळे विष घातल्याच्या आरोपावरून काहींना अटक झाली. त्या कृत्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु जेथे वाघ नाहीच असे धरले जाते, तेथे त्याने मारलेल्या गाईची भरपाई तत्परतेने कोण देणार? नोंदीतून वगळलेला वाघ संरक्षणाला मुकतो आणि त्याचा शेजारी न्यायाला.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले.

प्रत्येक सांगणे खरे असते, असा आमचा दावा नाही. कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात. म्हणून तपासणी हवीच. परंतु तपासणीपूर्वीच दिलेला नकार हे शास्त्र नव्हे.

आपण सुटीत गावी जातो, तेव्हा ओटीवर बसलेली वडीलधारी मंडळी रानातल्या जनावरांच्या हकिकती सांगतात. त्या हसण्यावारी नेऊ नका. दिवस, जागा आणि खुणा विचारून लिहून ठेवा. जे आज कोणी मानीत नाही, त्याची उद्या तीच एक नोंद असेल.