तेल एक, कामे तीन

सुरतेच्या उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यांतील एखाद्या कारागिराने दोन वर्षांची पुंजी खर्चून जुनी एटीव्ही घेतली, असे क्षणभर धरून चालू. एटीव्ही म्हणजे वाळू, चिखल आणि खडकाळ वाट तुडविणारी, जाड चाकांची, मोटारसायकलीसारखी बैठक असलेली चारचाकी. डुमसच्या काळ्या वाळूत ती फिरवावयाची, या उमेदीने तो तेलाच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "शेठ, सगळ्यांत भारी तेल द्या." शेठ मोटारीचे महागडे तेल काढून देतात. थोड्याच दिवसांत गाडी वाळूत अडते. इंजिन गर्जना करते, पण चाकांना जोर पोहोचत नाही. तेल भेसळीचे होते काय? मुळीच नाही. ते मोटारीला उत्तम होते. या गाडीला मात्र ते मानवले नाही.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जोडून विकलेली विलीज जीप आपल्याकडील कित्येक पिढ्यांच्या परिचयाची. जीपमध्ये इंजिनाचे तेल निराळे, गिअरचे निराळे आणि क्लच कोरडा. पुष्कळशा एटीव्हींत मात्र, मोटारसायकलीप्रमाणेच, एकच तेल तीन कामे करते : इंजिनाची झीज थांबविते, गिअरचे दाते सांभाळते आणि क्लचच्या चकत्यांना भिजवून थंड राखते. चकत्यांनी एकमेकींस घट्ट धरावे, तरच चाके फिरणार. मोटारीच्या कित्येक आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. इंधन वाचविण्यास ती उपयोगी. परंतु त्यांच्यामुळे चकत्या निसटू लागतात आणि अखेरीस जळतात. म्हणूनच जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलींच्या तेलासाठी 'जासो' हे प्रमाण ठरविण्यात आले. क्लच तेलात बुडालेला असेल, तर डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही अक्षरे पाहावीत. 'एमबी'चे तेल अशा क्लचसाठी नव्हे. काही एटीव्हींत कोरड्या पट्ट्यावर चालणारी रचना असते. त्यांची गरज निराळी असू शकते. निर्णय गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचा मानावा.

दुसरा प्रश्न दाटपणाचा. डब्यावर '१०डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते. 'डब्ल्यू' हे हिवाळ्याचे इंग्रजी आद्याक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे सांगतो. नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते हे दर्शवितो. लडाखच्या गोठविणाऱ्या पहाटे पहिला आकडा लहान असणे अगत्याचे. सुरतेत पारा गोठणबिंदूपर्यंत उतरतच नाही. उन्हाळ्यात मात्र तो चाळिशी ओलांडतो. त्यातून वाळूत गाडी मंद चालते, इंजिनावर भार पडतो आणि वारा कमी लागतो. येथे दुसऱ्या आकड्याला महत्त्व. तथापि 'जितके दाट तितके बरे' हा समजही घातकच. फाजील दाट तेल गाडी सुरू होताना अरुंद वाटांतून उशिरा पोहोचते. पुस्तिकेत हवामानानुसार दिलेला तक्ता हाच खरा वाटाड्या.

तिसरा शत्रू पाणी. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह अनावर असतो. परंतु इंजिनात पाणी शिरले असेल, तर तो मोह इंजिनाच्या जिवावर बेततो. खाडी किंवा ओढा ओलांडल्यावरही तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले असे समजावे. अशा वेळी इंजिन सुरू न करता कारागिराकडून पाण्याची वाट शोधून घ्यावी आणि तेल व गाळणी दोन्ही बदलावीत. काढलेले तेल गटारात किंवा खाडीत ओतू नये. जुने तेल शुद्ध करण्याचा परवाना असलेल्यांकडेच ते पोहोचवावे.

आपला तो कारागीर दुकानात पुन्हा गेला, तर त्याने काय मागावे? 'सगळ्यांत भारी' हे शब्द विसरून त्याने पुस्तिकेतील ती एक ओळ शेठपुढे ठेवावी. दोन वर्षांची पुंजी राखण्यास तेवढी ओळ पुरे.