कॉलेजची शिस्त आणि खचलेलें पोर

(भाईंदर येथें पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



सुटीचा दिवस असून घरचीं कामें टाकून तुम्ही येथें आलांत. उत्तनच्या कोळी भगिनी आहेत, राई-मुर्ध्याचे आगरी बंधु आहेत, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून ज्यांच्या नखांत काळें बसलें आहे असे कारागीर आहेत, आणि देशावरचीं शेतें भावाच्या स्वाधीन करून इकडे चाळींत राहिलेलीं कुटुंबेंही आहेत. तुम्हां बहुतेकांच्या घरांत एक गोष्ट सारखी आहे. कॉलेजची पायरी चढणारें हें घरांतलें पहिलेंच पोर. त्यामुळें तिथें काय चालतें हें आपल्याला ठाऊक नसतें, आणि तिकडून कागद आला कीं तो कोर्टाच्या समन्सासारखा वाटतो.

असाच एक कागद गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातीं आला. नांवें सांगत नाहीं, कॉलेजचेंही नाहीं. सांगून त्या पोराचें कांहीं भलें व्हायचें नाहीं. बाप पॉलिशच्या गाळ्यावर कामाला. कागद इंग्रजींत, म्हणून वाचून घ्यायला तो आमच्याकडे आला. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी, सबब परीक्षेस बसतां येणार नाहीं, पालकांनीं सात दिवसांत येऊन भेटावें, असा मजकूर. बाप म्हणाला, "दादा, हें दुसऱ्या कुणाचें असेल. आमचा पोरगा रोज सकाळीं सहाच्या गाडीला डबा घेऊन जातो."

पोरगा जात होता हें खरें. पण कॉलेजच्या फाटकापाशीं पोंचला कीं त्याच्या छातींत धडधड सुरू व्हायची आणि पाय पुढें पडायचा नाहीं. मग तो परत स्टेशनावर येई, चर्चगेटच्या गाडींत बसे, तिथून विरारच्या. संध्याकाळीं वेळेवर घरीं. असे तीन महिने. रात्रीं झोंप नाहीं, ताटांतलें अर्धें तसेंच. आईला वाटे, अभ्यासाचा शीण. एका रात्रीं तो बहिणीला म्हणाला कीं आतां जगावेंसें वाटत नाहीं. बहीण शहाणी. तिनें तें पोटांत ठेवलें नाहीं; तेव्हांच बापाला उठविलें.

आम्ही बापाबरोबर कॉलेजांत गेलों. कारकुनानें एक छापील अर्ज पुढें सरकविला. 'स्वखुशीनें नांव कमी करीत आहें.' स्वखुशी! बापानें पेन उचललेंही होतें; आम्ही त्याचा हात धरला. प्राचार्य माणूस वाईट नव्हते. "मुलगा आजारी होता तर आधीं सांगायचें होतें," म्हणाले. कोणाला सांगायचें, असें विचारल्यावर त्यांनीं व्हरांड्याच्या टोंकाची एक खोली दाखविली. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी, खालीं कुलूप, आणि कांचेतून पाहिलें तर आंत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. हजेरीचा हिशेब मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत चोख होता.

शिस्त नको असें आम्ही म्हणत नाहीं. शिस्तीवांचून शेत नाहीं, होडी नाहीं, गाळा नाहीं. शिवाय आजाराचें सोंग करून हजेरी मागणारीं पोरेंही असतात. आम्ही कांहीं आजचे नाहीं, तीं आम्ही पाहिलीं आहेत. पण नांगराचा बैल मधेंच खालीं बसला तर शहाणा शेतकरी आधीं काय करतो? जूं उतरून खांदा पाहतो. खांद्याला सूज असेल तर हळद लावतो, नसेल तर मग काठी घेतो. काठी आधीं आणि खांदा मागाहून, असें करणाऱ्याचा बैल टिकत नाहीं. कॉलेजांत शिकलेलीं माणसें बसतात, आणि ही एवढी गोष्ट त्यांच्या नियमांत शोधून सांपडत नाहीं.

सरकारी नोंदी पाहा. २०२२ या एका सालांत देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची मोजणी आहे. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे १,७६४, म्हणजे सर्व प्रांतांत जास्त. हें घडण्याला एकच कारण कधीं नसतें. पण आधींच खचलेल्या पोराला नेमक्या त्या वेळीं दाराबाहेर काढलें, तर उरलेला आधारही तुटतो. हैद्राबाद विद्यापीठांत वसतिगृहांतून काढलेल्या पांच दलित विद्यार्थ्यांपैकीं रोहित वेमुला एक होता. १७ जानेवारी २०१६ रोजीं तो गेला. मुंबईंत जळगांवकडची आदिवासी डॉक्टर पायल तडवी मे २०१९ मध्यें गेली. त्या दोघांच्या आयांनीं मिळून त्याच सालीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. लेंकरूं गमावलेल्या बायांनीं दुसऱ्यांच्या लेंकरांसाठीं कागद दाखल केले. विद्वानांच्या परिषदांनीं एवढें कधीं केलें असेल तर आम्हांस ठाऊक नाहीं.

खचलेल्याला शिक्षा देण्याची ही खोड जुनी आहे. १८६० च्या दंडसंहितेंत कलम ३०९ होतें. जीव देऊं पाहणारा वांचला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद! १९८६ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें एका पोलीस शिपायाचा खटला आला. अपघातांत डोक्याला मार बसून त्याचें मन बिघडलें होतें. बायकोला भाजीच्या गाडीचा परवाना मिळेना, त्या तिरमिरींत त्यानें स्वतःच्या जिवावर घातलें. न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानें तें कलमच रद्द ठरविलें. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज आहे, असा त्या निकालाचा रोख. पुढें १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कलम पुन्हा उभें केलें. शेवटीं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या ११५ व्या कलमानें सांगितलें कीं असा माणूस तीव्र ताणाखालीं होता असेंच धरावें, त्याला शिक्षा करूं नये, आणि सरकारनें त्याची काळजी घ्यावी. जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली आणि तें कलमही त्या रूपांत राहिलें नाहीं. फौजदाराला जें समजलें, तें कॉलेजच्या कारकुनाला कधीं समजणार?

न्यायालयें मात्र कॉलेजांपर्यंत येऊन पोंचलीं आहेत. दिल्लींत कायद्याच्या एका विद्यार्थ्याला २०१६ सालीं हजेरीवरून परीक्षेला बसूं दिलें नाहीं, आणि त्या घराचा दिवा विझला. नऊ वर्षांनीं, नोव्हेंबर २०२५ मध्यें, दिल्ली उच्च न्यायालयानें सांगितलें कीं कायद्याच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरीसाठीं परीक्षेपासून अडवूं नये. हा निकाल कायद्याच्या कॉलेजांपुरता आहे, आमच्या बी. कॉम.च्या पोराला तो आयता लागू होत नाहीं. पण त्याआधीं २५ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला निकाल सर्वांना लागू आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेंत निदान एक शिकलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. लहान संस्थेनें बाहेरच्या जाणकारांशीं रीतसर संबंध ठेवावा. शिक्षकांना आणि इतर नोकरांना वर्षांतून निदान दोनदां याचें शिक्षण द्यावें. गुणांवरून तुकड्या पाडूं नयेत, चारचौघांत लाजवूं नये. सरकार कायदा करीपर्यंत हेंच बंधनकारक आहे. तेव्हां कुलूप लावलेली खोली दिसली तर किल्ली कुठें आहे हें विचारायला भिऊं नका.

आतां आपल्या घरची एक गोष्ट सांगतों. रयतेच्या पोरांसाठीं ज्यांनीं आयुष्य घातलें ते कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरांत शिकत असतां जैन बोर्डिंगांत राहत. १९०८ सालीं अस्पृश्य मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उघडलें, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा असें सांगितलें, त्यांनीं नाकारलें. शिस्तभंग! बोर्डिंगांतून बाहेर. पुढें १९१४ च्या डांबर प्रकरणांत त्यांनीं खोटी साक्ष द्यावी म्हणून तुरुंगांत त्यांचा छळ झाला, आणि त्या कोंडींत त्यांनीं आपला जीव देण्याचा प्रयत्न केला, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. सत्ताविशीच्या आंतबाहेरचा, धिप्पाड, पैलवान गडी! मन खचणें हें नाजूक शहरी लोकांचें खूळ आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तो माणूस वांचला. १९१९ मध्यें त्यानें काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्यें साताऱ्यास वसतिगृह. तिथें शिस्त कडक होती. पोरें स्वतः राबत, स्वतः रांधत. पण धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धां, मोडलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं ज्या घरांत अशी बाई आहे, तिथली शिस्त पोरांना जाचत नाहीं.

कॉलेजला बोल लावला. आतां आपणांसही लावतों, रागावूं नका. आपल्या ठाणें जिल्ह्यांत १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि आपण त्याची शिवी करून ठेवली आहे. जरा कोणी वेगळें वागलें कीं 'याला ठाण्याला पाठवा!' मग पोर तोंड कसें उघडणार? कोणी भगताकडे नेतो, कोणी लग्न लावून द्या म्हणतो. आणि सर्वांत वाईट तो हिशेब: तुझ्यासाठीं एवढें कर्ज काढलें, आईनें एवढ्या टोपल्या वाहिल्या. खरें असलें तरी तें जेवतांना रोज ऐकविलें तर घास कसा उतरेल?

पोर जगण्याला कंटाळलें असें बोललें, तर तें खरें धरा. रागावूं नका, हंसूं नका, एकटें सोडूं नका, आणि सरकारी इस्पितळांत मनाच्या डॉक्टरकडे न्या. रात्रीं-अपरात्रीं १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, मराठींत बोलतात. कॉलेजला जें सांगायचें तें लेखी द्या, सोबत डॉक्टरचा दाखला जोडा आणि पोंच घ्या. मनाचा आजार दीर्घ असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यांत तो बसतो, आणि शिकतांना योग्य ती सवलत देणें संस्थेवर बंधन होतें. दाखला गुप्त ठेवा म्हणण्याचाही तुम्हांस हक्क आहे. तरीही कॉलेज ऐकेना, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें तेथें विद्यार्थी तक्रार समिति असलीच पाहिजे. तिनें साधारण पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तिचा निर्णय पटला नाहीं तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जातां येतें. 'स्वखुशी'च्या कागदावर मात्र त्या दिवशीं सही करूं नका. घरीं आणा, चौघांत वाचा.

त्या पोराचें नांव पटावर राहिलें. दाखला, अर्ज, तीन खेपा, एवढ्यावर भागलें. एक सत्र बुडालें तें बुडालें. औषध चालू आहे, डॉक्टर महिन्यांतून दोनदां बोलावतात. फाटकाशीं धडधड अजून होते म्हणून बाप सकाळच्या गाडीला बरोबर जातो, पोरगा आंत शिरेपर्यंत रस्त्यापलीकडे उभा राहतो, आणि मग परत फिरून उशिरां गाळ्यावर पोंचतो. मालक म्हणाला, अर्ध्या दिवसाची मजुरी कापीन. बाप म्हणाला, कापा.