ओझुना की येलिच? एका ट्रेडचा हिशेब

गेल्या भागात आपण बेसबॉलमधला ट्रेड म्हणजे काय ते पाहिलं. आज एक खरं उदाहरण घेऊ.

2017 चा मोसम संपला आणि मायामी मार्लिन्सच्या नव्या मालकांनी खर्च कापायला घेतला. जियानकार्लो स्टँटन यांकीजकडे गेला. बाजारात उरले दोन आउटफिल्डर: मार्सेल ओझुना आणि ख्रिश्चन येलिच. समजा तुम्ही संघाचे जनरल मॅनेजर आहात. कोणाला घ्याल?

नुसते आकडे बघा. ओझुना: 37 होमर, सरासरी .312, शिवाय उत्तम फिल्डिंगसाठी गोल्ड ग्लव्ह. येलिच: 18 होमर, सरासरी .282. खरं सांगतो, मी तेव्हा डोळे झाकून ओझुना म्हटलं होतं.

पण मी करार वाचलाच नव्हता. ओझुना दोन मोसमांनंतर मोकळा होणार होता. येलिच मात्र 2022 पर्यंत, म्हणजे पाच मोसम हाताशी राहू शकत होता, तेही स्वस्तात. त्याचा सात वर्षांचा अख्खा करारच पाच कोटी डॉलरच्या आतला. शिवाय वय 26. चेंडू जोरात मारायचा, फक्त तो बऱ्याचदा जमिनीलगत जायचा. म्हणजे सुधारायला जागा होती.

ओझुना सेंट लुइस कार्डिनल्सकडे गेला, येलिच मिलवॉकी ब्रुअर्सकडे. दोघांसाठी चार-चार तरुण खेळाडू मोजले गेले. 2018 मध्ये येलिचने 36 होमर मारले, सरासरी .326, आणि नॅशनल लीगचा एमव्हीपी झाला. ओझुनाचे होमर 23 वर आले आणि 2019 नंतर तो संघ सोडून गेला.

आता दुसरी बाजू. कार्डिनल्सनी दिलेल्या चौघांत सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन होते. अल्कांताराने 2022 चा साय यंग पुरस्कार जिंकला. ब्रुअर्सनी दिलेल्यांत लुइस ब्रिन्सनचं नाव तेव्हा केवढं मोठं होतं! पण मायामीत तो स्थिरावलाच नाही.

यात नशीब आहेच. कुठला पोरगा पुढे चमकेल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण वर्षं मोजता येतात, आणि ती करारात लिहिलेली असतात. ट्रेडमध्ये आपण गेल्या मोसमाचे होमर विकत घेत नाही, पुढचे मोसम घेतो. मी चुकलो तो तिथेच.

पुढच्या वेळी दोन खेळाडूंची तुलना कराल तेव्हा आधी कराराची तारीख बघा, मग होमर मोजा. भेटू पुढच्या भागात.