प्रेमकथालेखन : छंद कीं व्यवसाय?



चिखली, खामगांव किंवा मलकापूर येथील एखादी तरुणी आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर मोबाईलवर प्रेमकथेचें एक प्रकरण लिहिते आणि उजाडण्यापूर्वीं तें पुण्यामुंबईच्या वाचकांपर्यंत पोंचतें. २०१४ सालीं बंगळूर येथें सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या मंचांनीं ही सोय करून दिली; २०१६ च्या अखेरीस ‘किंडल’वरहि मराठी पुस्तकें आलीं. प्रकाशकाच्या दाराशीं तिष्ठत बसण्याचें कारण उरलें नाहीं. तेव्हां तिच्या मनांत सहजच येतें कीं, नोकरी सोडून यावरच निर्वाह कां करूं नये?

या प्रश्नाचा विचार करतांना याच बुलढाणा जिल्ह्यांतील एका प्रेमकवीचें स्मरण होतें. ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ सालचा. मेहकर येथें ते वकिली करीत. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनीं गाइली आणि १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत ती ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोंचली. मराठी कवितेला तें माध्यम नवेंच होतें. मात्र ‘शीळ’ याच नांवाचा त्यांचा काव्यसंग्रह निघाला तो १९५४ सालीं. आणि ‘खूणगाठी’स साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें तें १९८६ सालीं. नव्या माध्यमानें कविता त्वरेनें लोकांच्या कानीं घातली, परंतु कवीची वाटचाल संथच राहिली. प्रणयकादंबऱ्यांसाठीं विख्यात झालेल्या ना. सी. फडके यांनींहि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत प्राध्यापकी केलीच.

यावरून लेखनानें पैसा मिळत नाहीं असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या कथेवर उद्यांचा किराणा अवलंबून असतो, तिला वाचकांच्या रोजच्या आंकड्यांकडे पाहावें लागतें. जेथें नायिकेनें नकार द्यावयास हवा, तेथें मग केवळ वाचक रुसतील म्हणून ती होकार देते. आणि संपावयाची कथा शंभर भाग लांबते.

दुसरी गोष्ट हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्कांचें हस्तांतरण लेखी असावें लागतें. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनें असेंहि ठरलें कीं, करारसमयीं जें माध्यम अस्तित्वांत किंवा व्यापारी उपयोगांत नव्हतें, त्याचे हक्क करारांत स्पष्ट उल्लेख असल्यावांचून दुसऱ्याकडे जात नाहींत. पण ध्वनिकथा व चित्रमालिका हीं माध्यमें आज प्रचारांत आहेत. त्यांचे हक्क आपण देत आहों काय, हें वाचल्याखेरीज संमतीची कळ दाबूं नये. मूळ हस्तलिखिताची प्रत स्वतःजवळहि जपून ठेवावी.

म्हणून त्या तरुणीस माझें सांगणें असें : अवश्य लिहावें, रोज लिहावें, लाजूं नये. पण पहिल्या हजार वाचकांच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा लिहूं नये. दोनचार वर्षांचा जमाखर्च वहींत मांडावा, आणि लेखनाची प्राप्ति घरखर्चास सतत पुरूं लागली म्हणजे मगच तो निर्णय घ्यावा.